वाचलेल्यांची साक्ष

उन्हाळा सरून मृगाचे पहिले पाणी पडले म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत उपकारस्तुतीच्या उपासनांना आरंभ होतो. वैशाखातील संकटे तोवर मागे पडलेली असतात. ज्याच्या घरचे माणूस दुखण्यातून उठले तो पाकिटात नोट घालून आणतो, कोणी पायलीभर धान्य आणतो, कोणी कोंबडी घेऊन येतो. आणि दान ठेवल्यावर मंडळीपुढे उभा राहून दोन शब्द साक्षीचे बोलतो. ही चाल उत्तम आहे, व ती मोडावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही. तथापि या दोन शब्दांत पुष्कळदा एक तिसरा शब्द शिरतो, आणि ज्याच्या कानी तो पडू नये नेमक्या त्याच्याच कानी पडतो. तो शब्द ‘म्हणून’ हा होय. आम्ही प्रार्थना केली म्हणून, आमचा दशमांश कधी चुकला नाही म्हणून, आमच्या घरी देवाचे भय आहे म्हणून आमचा मुलगा वाचला. या ‘म्हणून’विषयी आज थोडा विचार करू.

त्र्यंबकच्या वाटेवरील आमच्या एका मंडळीत एक घर आहे. त्या घरावर यंदाच्या उन्हाळ्यात तीन घाले आले. चैत्र सरता सरता आजीबाईंच्या छातीत मध्यरात्री कळ उठली व अंगास दरदरून घाम सुटला. शेजाऱ्याची जीप दाराशी उभी होती, तीत घालून त्यांस शहरात नेले. डॉक्टरांनी हृदयविकार ओळखून वेळेवर उपाय केला. पंधरा दिवस लोटतात न लोटतात तोच दोन वर्षांच्या नातवास उलट्या व जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत पोराचे डोळे खोल गेले. रडताना डोळ्यांतून पाणी येईना. त्यासही दवाखान्यात नेऊन शिरेतून पाणी द्यावे लागले. आणि मे महिना संपण्याच्या आत कॉलेजात शिकणारा थोरला मुलगा मित्रांबरोबर डोंगर चढावयास गेला असता कातळावरून घसरला, सुमारे दोन पुरुष खाली गेला, व करवंदीच्या जाळीत अडकून राहिला. पायाचे हाड मोडले. जवळच्या पाड्यावरील लोकांनी घोंगडीची झोळी करून दोन तास चालत त्यास सडकेपर्यंत आणले. हे लोक आपल्या मंडळीतील नव्हते, हेही येथे लिहून ठेवले पाहिजे.

तिन्ही माणसे आज बरी आहेत. घरधन्याने उपकारस्तुतीची उपासना मागितली, व साक्षीत काय सांगावे याविषयी बोलावयास तो आमच्याकडे आला. तो म्हणाला, “पाळकसाहेब, तीन वेळा मरण दारापर्यंत आले आणि तिन्ही वेळा देवाने त्यास परतविले. आमच्या घरची संध्याकाळची प्रार्थना एक दिवस चुकत नाही, त्याचे हे फळ आहे, असे मी सांगणार.” मनुष्य सरळ आहे, त्याच्या बोलण्यात गर्व नव्हता. परंतु त्याच आळीत चार घरे टाकून एक विधवा बाई राहते. तिचा एकुलता एक मुलगा त्याच वैशाखात विहिरीत पोहावयास उतरला, तो जिवंत वर आला नाही. संध्याकाळची प्रार्थना तिच्याही घरी होत असे, आणि ती किती वर्षे होत आली हे सगळ्या आळीस ठाऊक आहे. रविवारी ती स्त्रियांच्या बाजूस शेवटच्या ओळीत बसते. घरधन्याचे ते वाक्य तिच्या कानी गेले असता तिने त्यातून काय समजावे? तिची प्रार्थना खोटी होती, की देवाच्या वहीत तिचे नाव लिहावयाचे राहून गेले?

येथे कोणी म्हणेल की, मग साक्ष देऊच नये. दुःखितांच्या भावनेस धक्का लागेल म्हणून सुखी माणसाने तोंड मिटून बसावे. हे आम्हांस मान्य नाही. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांस शुद्ध केले, त्यांतला एकच मागे फिरून पाया पडला, आणि बाकीचे नऊ कोठे आहेत असे प्रभूने विचारले (लूक १७). उपकार न मानणे हे पाप आहे, आणि शेजाऱ्याच्या दुःखाचे निमित्त करून ते झाकता येत नाही. पण त्या परतलेल्या शोमरोनी मनुष्याने आपण का बरे झालो याचे कारण कोणास सांगितले नाही. त्याने मोठ्याने देवाचे गौरव केले, इतकेच. उपकार मानणे वेगळे आणि उपकाराचे कारण आपल्या पदरी शोधणे वेगळे.

प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय आम्ही या प्रसंगी पुन्हा वाचून पाहिला. पेत्राची तुरुंगातून सुटका झाली ती कथा रविवारच्या शाळेतील लहान मुलांसही येते. सोळा शिपायांचा पहारा, दोन साखळ्या, देवदूत, आपोआप उघडलेला लोखंडी दरवाजा, आणि हर्षाच्या भरात दार उघडण्याचे विसरून आत धावत गेलेली रुदा. परंतु त्याच अध्यायाच्या आरंभी, एका लहानशा वाक्यात, हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब यास तरवारीने मारविले असे लिहिले आहे. नगर तेच, राजा तोच, मंडळीही तीच. पेत्राकरिता मंडळी एकाग्रतेने प्रार्थना करीत होती असे शास्त्र सांगते. याकोबाकरिता ती करीत नव्हती असे कोण म्हणेल? याकोब हा त्या तिघांपैकी एक, ज्यांस प्रभू डोंगरावर आपणाबरोबर घेऊन गेला. त्याचा विश्वास पेत्राच्या विश्वासाहून उणा होता असे एक अक्षर शास्त्रात नाही. एक वाचला, एक मेला. आणि लूक, जो वैद्य होता व कारणे शोधण्याची ज्यास सवय असली पाहिजे, तो कारण देत नाही.

याकोबाची आई, जब्दीची बायको, त्या दिवसांत जिवंत होती की नाही हे शास्त्र सांगत नाही. पण असे समजा की ती होती, आणि त्या रात्री मार्कची आई मरिया हिच्या घरी जमलेल्या मंडळीत एका कोपऱ्यात बसली होती. दारावर थाप पडते, पेत्र आत येतो, सगळे थक्क होतात. तिचा मुलगा मात्र येणार नाही. आता पेत्र काय बोलला ते पाहा. त्याने हाताने खुणावून सर्वांस गप्प राहावयास सांगितले, प्रभूने आपणास तुरुंगातून कसे बाहेर आणले ते निवेदन केले, ही गोष्ट इतर बंधूंस कळवा असे सांगितले, आणि तो दुसऱ्या ठिकाणी निघून गेला. प्रभूने बाहेर कसे आणले ते त्याने सांगितले. आपणासच का आणले ते सांगितले नाही. जब्दीच्या बायकोसमोर जी साक्ष सांगता येते ती खरी साक्ष. ज्या घरी मरण आले त्या घरच्या ओसरीवर बसून जी साक्ष उच्चारण्यास जीभ धजत नाही, ती देवळात व्यासपीठाजवळ उभे राहिल्यानेही शुद्ध होत नाही, असे आमचे मत आहे.

हे आम्ही त्या घरधन्याजवळ बोललो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, “मग ‘म्हणून’ हा शब्द बोलूच नये काय?” प्रश्न चांगला होता. आम्ही म्हटले, बोलावा, पण सुटकेच्या आधी लावू नये, नंतर लावावा. आम्ही प्रार्थना करतो म्हणून मुलगा वाचला, असे नव्हे. मुलगा वाचला, म्हणून आता आमच्याकडे देणे निघते. पहिला ‘म्हणून’ देवास आपला ऋणको करितो, दुसरा आपणांस देवाचे व शेजाऱ्याचे ऋणको करितो. उपासनेच्या दिवशी त्याने चार वाक्ये बोलून दान ठेवले, आणि त्यातील काही रक्कम वेगळी काढून ज्या पाड्यावरील लोकांनी मुलास उचलून आणले तेथे एक चांगली कापडी डोली घेऊन ठेवावी असे पंचांस सांगितले. त्या पाड्यापासून सडक अजून तितकीच दूर आहे.

आपल्या लोकांत आणखी एक दोष आहे, आणि तो याच मुळापासून फुटलेला आहे. सन २००३ च्या ऑगस्टात, २७ तारखेस, कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन तिसांहून अधिक यात्रेकरू मरण पावले. अशा वेळी आपल्यांपैकी कोणी कोणी, दबक्या आवाजात का होईना, ही मूर्तिपूजेची शिक्षा आहे असे बोलतात. अशांनी लूक १३ हा अध्याय उघडावा. यज्ञ करीत असतानाच मारल्या गेलेल्या गालिलकरांची बातमी लोकांनी प्रभूस आणून सांगितली, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी नव्हते असे त्याने स्पष्ट बजाविले. आणि शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांची गोष्ट स्वतः काढून तेच पुन्हा सांगितले. एकदा सांगून ऐकणाऱ्यांच्या मनातून हे जात नाही हे त्यास ठाऊक होते. पुढे २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागून पुरवठा खालावला व २२ रोगी दगावले. त्याच इमारतीत इतर रोगी वाचले. ज्याच्या खाटेपर्यंत हवा पोहोचली तो धर्मशील आणि ज्याच्या खाटेपर्यंत पोहोचली नाही तो पापी, असे म्हणण्याचे धाडस त्या दिवशी त्या दारात रडणाऱ्या आप्तांपुढे कोण करील? टाकी का गळली हा प्रश्न विचारणे योग्य आहे. त्याचे उत्तर माणसांनी द्यावयाचे असते. मेलेल्यांचे पाप शोधणे योग्य नाही.

आपल्या नाशिकच्या वाटेवर या प्रश्नाचे एक जुने उदाहरण आहे, व ते आपल्या उपदेशक बंधूंस ठाऊक असावे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल सन १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. तेरा वर्षे त्यांनी या भाषेत श्रम केले. सन १८२५ त मुलांच्या प्रकृतीकरिता त्यांनी आपली पत्नी व दोन लहान मुले यांस अमेरिकेस पाठविले. ज्याच्या जिवाकरिता हा वियोग पत्करला त्यांतला थोरला मुलगा वाटेत समुद्रावरच वारला. पुढील वर्षी मार्चात हॉलसाहेब उपदेशाच्या फेरीवर नाशिकास आले, तो येथे पटकीचा कहर चालला होता. जवळची औषधे त्यांनी रोग्यांस वाटली व मुंबईच्या वाटेस लागले. वाटेत एका खेड्यात रात्री देवळाच्या ओसरीवर ते निजले. पहाटे पटकीने त्यांस गाठले. औषध वाटून फारच थोडे उरले होते. सुमारे आठ तासांत, २० मार्च १८२६ रोजी, त्यांचा अंत झाला. वय अवघे ४१. बरोबर असलेल्या दोघां ख्रिस्ती तरुणांनी त्यांस मूठमाती दिली. ज्या मराठी नव्या कराराकरिता त्यांनी आयुष्य वेचले, तो त्याच वर्षी मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडला.

प्रार्थना, दशमांश, सेवा, यांचे फळ जर संकटातून सुटका हेच असेल, तर या मनुष्यास व त्याच्या त्या लहान मुलास कोणत्या खात्यात मांडावे? या प्रश्नास उत्तर देणारा आम्हांस अद्यापि भेटलेला नाही.

आता त्या पटकीविषयी दोन शब्द. ती मारते ती शरीरातील पाणी व क्षार काढून घेऊन. मीठ व साखर योग्य प्रमाणात पाण्यात मिसळून पाजली असता आतडे ते पाणी शोषून घेते, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्वानांस नीट कळली. सन १९७१ त बांगलादेशाच्या युद्धात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली व शिरेतून द्यावयाचे पाणी संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मिश्रण पिंपांतून लोकांच्या हाती देण्याचे धाडस केले. शेकडा तीसपर्यंत मरणारे रोगी होते, ते प्रमाण शेकडा चाराच्या आत आले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, दोन्ही सपाट भरून. इतके प्रत्येक उपदेशकाच्या घरी पाठ असले पाहिजे. मीठ जास्त पडल्यास अपाय होतो, याची आठवण ठेवावी, आणि मूल पेंगू लागल्यास दवाखाना गाठण्यास विलंब करू नये.

हे सर्व येथे लिहिण्याचे प्रयोजन असे की, सन १८२६ त देव कमी दयाळू होता आणि आता अधिक दयाळू झाला, असे तर कोणी म्हणणार नाही ना? हॉलसाहेब मेले आणि आमच्या आळीतील नातू वाचला, यातील अंतर विश्वासाचे नाही. मध्ये माणसांचे पुष्कळ ज्ञान आहे, एक रस्ता आहे, एक शेजारी व त्याची जीप आहे. ही सर्व देवाची दाने आहेत असे आम्ही मानतो, व त्याबद्दल त्याचे आभार मानतो. पण दान म्हटले की ते कोणास पोहोचले नाही हेही पाहावे लागते. ज्याच्या दाराशी जीप नाही, ज्याच्या वाटेवर पावसाळ्यात ओढा भरतो, त्याच्या घरी मरण आले असता ‘देवाची इच्छा’ असे म्हणून आपण मोकळे होतो. सडक न बांधणे ही देवाची इच्छा असेल असे आम्हांस वाटत नाही.

आता डोंगराविषयी. त्र्यंबकच्या बाजूस हरिहरचा किल्ला आहे. सन १८१८ त तो इंग्रजांच्या हाती गेला. त्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की, हाताने धरावयास खोबण्या खोदलेल्या आहेत. अलीकडे पावसाळ्यात तेथे तरुणांची रीघ लागते, व त्या उभ्या पायऱ्यांवर कोणी पाठ फिरवून मोबाईलमध्ये आपले चित्र घेतो. आपल्या मुलांनी डोंगर चढू नयेत असे आमचे म्हणणे नाही. स्तोत्रकर्त्यानेही डोंगरांकडे डोळे लाविले होते. पण सैतानाने प्रभूस मंदिराच्या शिखरावर उभे करून, खाली उडी टाक, देवदूत झेलतील, असे सांगितले, आणि सांगताना शास्त्रवचनाचाच आधार घेतला, हे विसरू नये (मत्तय ४). प्रभूने उडी टाकली नाही. देव राखणारा आहे म्हणून पायरी न पाहणे हा विश्वास नव्हे, ती देवाची परीक्षा होय. उलट, जो सावध राहतो तो पडणारच नाही, असाही नियम नाही. मनमाडजवळ हडबीची शेंडी म्हणून सुळका आहे. दोर व साधने यांवाचून तेथे कोणी जात नाही. २६ जानेवारी २०२२ रोजी त्यावर चढून उतरताना अहमदनगरच्या पथकातील दोघे पडून मेले. सावधगिरी हे आपले कर्तव्य आहे. ती आयुष्याची हमी नव्हे. हे दोन्ही एकदम मनात धरणे कठीण जाते, आणि जाळीत अडकून वाचलेल्या मुलापेक्षा त्याच्या आईबापांस ते अधिक कठीण जाते.

औषधाविषयीही हेच. काही ठिकाणी बाहेरून येणारे वक्ते सभा भरवून, गोळ्या टाकून द्या, विश्वास धरा, असे सांगतात व निघून जातात. मागे ज्याचा रक्तदाब चढतो त्याच्या उशाशी ते नसतात. यशयाने हिज्कीया राजाकरिता प्रार्थनेबरोबर अंजिरांचा लेपही सांगितला. पौलाच्या रुमालाने रोगी बरे होत, तरी त्याच पौलाने आपला सोबती त्रफिम यास मिलेत येथे आजारी टाकून पुढे प्रवास केला, आणि आजाऱ्याच्या विश्वासास दोष लावणारा एक शब्दही लिहिला नाही. एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला, तेव्हा देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही केली, असे तो लिहितो. दया, इतकाच त्याचा शब्द आहे.

शेवटी उपदेशक बंधू व बायबलबाई यांस थोडी विनंती. ज्या घरी मरण आले तेथे जाल तेव्हा ईयोबाच्या मित्रांची पहिली रीत धरा; सात दिवस ते जमिनीवर बसले व बोलले नाहीत. तोंड उघडल्यावर त्यांनी जे केले ते करू नका. कोणत्या दवाखान्यात नेले, आधी का नेले नाही, विहिरीवर एकटा का सोडला, हे प्रश्न त्या आईने स्वतःस हजार वेळा विचारलेले असतात. ते तुम्ही पुन्हा विचारावयास नकोत. पाणी भरून द्या, गुरे सोडावयाची असतील तर सोडा, सरकारी कागद करावयाचा असेल तर ग्रामपंचायतीत बरोबर जा. महिना झाल्यावर लोक येईनासे होतात, तेव्हा जा. आणि मंडळीच्या प्रार्थनेच्या वहीत आजाऱ्यांची जी नावे असतात, त्यांतला कोणी बरा झाला की त्याचे नाव खोडून समोर ‘उपकारस्तुती’ असे आपण लिहितो. जो वारला त्याचे नाव मुकाट्याने गाळतो. तसे न करिता त्या ओळीवर त्याच्या घरच्यांची नावे लिहावी, व निदान वर्षभर ती दर रविवारी वाचावी.